चाकांवरचे घर आणि रात्रीचा मुक्काम

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याकडे बहुधा हेटाळणीच्या सुरात वापरली जाते. ज्याचे बिऱ्हाड पाठीवर, त्याचा भरवसा काय, असा तिचा अध्याहृत भाव असतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या शंभर-सवाशे वर्षांत असे विंचवाचे बिऱ्हाड कोणी हौसेने, तर कोणी गरजेने पत्करले. आणि हळूहळू त्याचा एक मोठा धंदा, एक लोकाचार व एक कायद्याचा वादही निर्माण झाला. निजण्याची, शिजविण्याची व स्नानाची सोय असलेल्या ह्या मोटारगाड्यांस तिकडे 'रिक्रिएशनल व्हेइकल', म्हणजे करमणुकीचे वाहन, असे नाव आहे, संक्षेपाने 'आर. व्ही.' म्हणतात. गाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांस येथे निराळ्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे: ही गाडी रात्री उभी कोठे राहिली? दिवसा तिला रस्ता पुरतो, आणि रस्ता सर्वांचा असतो. रात्री मात्र तिला जमीन लागते, आणि जमिनीस मालक असतो. चाकांवरच्या घराचा सारा इतिहास ह्या एका अडचणीभोवती फिरतो, असे आमचे मत आहे.

अमेरिकन मनुष्यास ह्या प्रवासाची गोडी का, ह्याचे उत्तर देताना तिकडील लेखक बहुधा एकोणिसाव्या शतकातील आच्छादित बैलगाड्यांकडे बोट दाखवितात. पश्चिमेकडे वसाहतीस निघालेली कुटुंबे त्या गाड्यांतच निजत, जेवत व प्रसंगी प्रसूतही होत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने जो जमीन कसून तीवर पाच वर्षे राहील त्यास १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू लागली. ही जमीन 'मोकळी' होती असे म्हणण्याची तिकडे वहिवाट पडली आहे. परंतु तीवर मूळच्या लोकांची वस्ती व शिकारीची राने होती, आणि त्यांचे स्वतःचे फिरते जीवन मोडूनच ती मोकळी करण्यात आली, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. फिरस्त्याचे गुणगान आणि फिरस्त्याची हकालपट्टी ह्या दोन्ही गोष्टी त्या देशात अशा आरंभापासूनच हातात हात घालून चालल्या आहेत.

मोटारीचे युग आले तेव्हा हा शौक प्रथम श्रीमंतांचा होता. १९१० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने मागची बैठक उलगडून बिछाना होईल अशी मोटार मांडली. १९१५ साली कॉंकलिन नावाच्या एका धनिक कारखानदाराने स्वयंपाकघर व शय्यांसह एक अवजड दुमजली बसगाडी बांधवून सहकुटुंब न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला. त्याच सुमारास हेन्री फोर्ड, एडिसन, टायरवाले फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज ही मंडळी दर उन्हाळ्यात तंबू घेऊन भटकंतीस निघत व स्वतःस 'व्हॅगाबाँड', म्हणजे उनाड भटके, म्हणवीत. १९२१ साली खुद्द अध्यक्ष हार्डिंग त्यांच्या मुक्कामास गेले. ज्या शब्दाखाली गरिबास त्या काळी तुरुंगात टाकता येत असे, तोच शब्द कोट्यधीश थट्टेने मिरवीत होते. वाचकांनी हा विरोध ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

खरी क्रांती झाली ती फोर्डच्या स्वस्त गाडीने. १९०८ साली ८५० डॉलरांस मिळणारी 'मॉडेल टी' १९२० च्या दशकाच्या मध्यास ३०० डॉलरांच्याही आत आली. कारकून, शेतकरी, शाळामास्तर असे लोक मोटारीच्या बाजूस तंबू बांधून बायकामुलांसह निघू लागले. हॉटेले बहुधा आगगाडीच्या स्टेशनाजवळ, शहराच्या मध्यभागी असत. तेथे धुळीने माखलेल्या कपड्यांनी जाण्याचा संकोच वाटे, नोकरांस बक्षिसी द्यावी लागे, आणि खोलीचे भाडे निराळेच. त्यापेक्षा एखाद्या शेताच्या कडेस किंवा शाळेच्या आवारात पाल ठोकून रात्र काढणे सोपे व फुकटचे. काही काळ शेतकऱ्यांस ह्या पाहुण्यांचे कौतुक वाटले. पण पाहुणे रोज येऊ लागले; मागे कचरा पडू लागला; कुंपणाच्या काठ्या चुलीत गेल्या आणि झाडाची फळे पिशवीत. तेव्हा कौतुक सरले, आणि 'येथे मुक्काम करू नये' अशा पाट्या लागल्या.

ह्यावर गावांनी जो तोडगा काढला, तो ह्या इतिहासातील अत्यंत मनोरम भाग होय. १९२० च्या सुमारास देशभर शेकडो गावांनी आपल्या खर्चाने मोटारवाल्यांसाठी बिनभाड्याचे तळ उघडले. पाणी, चुली, शौचकूप, दिवे, कोठे कोठे स्नानगृहेही! डेन्व्हर शहराचा 'ओव्हरलँड पार्क' हा तळ तर सुमारे १६० एकरांचा होता व त्यात आठशेच्या घरात मोटारी उतरू शकत. आपल्याकडील धर्मशाळेची आठवण येथे सहज व्हावी. परंतु दोहोंमागील हेतू भिन्न होते. धर्मशाळा पुण्यासाठी बांधली जाई; हे तळ व्यापारासाठी होते. उतरलेला प्रवासी पेट्रोल घेईल, किराणा घेईल, गाव आवडल्यास कदाचित येथेच घर बांधील, असा गावच्या दुकानदारांचा हिशेब होता. हिशेब होता म्हणून औदार्य खोटे ठरत नाही. परंतु ज्या औदार्याचा पाया हिशेब असतो, ते हिशेब बदलताच बदलते, हेही खरे.

ह्या तळांवर एक निराळाच समाज जमला. १९१९ साली फ्लॉरिडातील टॅम्पा येथील डी सोटो उद्यानात 'टिन कॅन टूरिस्ट्स' ह्या नावाची संघटना स्थापन झाली. डब्यातील अन्नावर गुजराण करणारे, म्हणून 'डबेवाले प्रवासी', अशी जी थट्टा होत असे तीच त्यांनी नाव म्हणून स्वीकारली, आणि मोटारीच्या पुढील नळकांड्याच्या झाकणावर पत्र्याचा डबा डाखून ते आपली ओळख पटवू लागले. तळ स्वच्छ ठेवणे व एकमेकांस वाटेत मदत करणे हे त्यांचे नियम. सरकारी हुकुमाशिवाय, केवळ लोकलज्जेच्या बळावर, तळाची शिस्त राखता येते असे त्यांनी काही काळ तरी दाखवून दिले.

मग हे फुकटचे तळ बंद का पडले? गाड्या आणखी स्वस्त झाल्या, जुन्या गाड्या तर मातीमोल किमतीत मिळू लागल्या, आणि तळावर सहलीस निघालेल्या मास्तराच्या शेजारी कामाच्या शोधात हिंडणाऱ्या मजुराचे कुटुंब उतरू लागले. मास्तर दोन दिवसांनी निघून जाई. मजूर महिनाभर राही, कारण त्यास जावयास जागा नव्हती. १९२० च्या दशकाच्या मध्यास गावोगावी रात्रीस पन्नास सेंटांच्या आसपास आकार बसविण्यात आला, नावनोंदणी व मुक्कामाची मुदत आली. पन्नास सेंटांनी गावाची तिजोरी भरण्यासारखी नव्हती. तो आकार म्हणजे उत्पन्नाचे साधन नव्हे, तर चाळणी होती. हौशी वर राहावा व गरजू खाली गळावा एवढ्यासाठी ती लावली होती. आकार सुरू होताच खाजगी मालकांस स्पर्धा करता येऊ लागली; त्यांनी तंबूंऐवजी खोपटी बांधली, खोपट्यांची घरे झाली, आणि १९२५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे 'मोटेल' हा नवा शब्द पाटीवर चढला.

ह्या चाळणीआधीही एक चाळणी होतीच, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. 'सर्वांसाठी खुला' म्हणविणारा तळ कृष्णवर्णीय कुटुंबास अनेक ठिकाणी खुला नसे. काही गावांत सूर्यास्तानंतर त्यांनी दिसूही नये असा दंडक होता. न्यूयॉर्कमधील टपालखात्याचे नोकर व्हिक्टर ग्रीन ह्यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांस कोठे खोली, अन्न व पेट्रोल मिळेल ह्याची वाटाड्यावही छापावयास आरंभ केला. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतरही ती काही काळ निघत होती. मोकळ्या रस्त्याचे काव्य गाणाऱ्या देशात रात्रीच्या मुक्कामासाठी अशा वहीची गरज पडावी, ह्यावर अधिक टीका नको.

१९२९ च्या आर्थिक आपत्तीच्या सुमारास मोटारीमागे ओढावयाची घरे, म्हणजे ट्रेलर, बाजारात आली. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन ह्यांनी विकत घेतलेला घडीचा तंबू पावसात वेळेवर उघडेना, म्हणून त्यांनी लाकडी भिंतींचे चौकोनी घरच चाकांवर बांधविले. त्यास 'कव्हर्ड वॅगन' हे जुन्या बैलगाडीचे नाव पडले, आणि १९३० च्या प्रदर्शनानंतर त्याचा कारखाना भरभराटीस आला. वॉली बायम ह्यांची अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत 'एअरस्ट्रीम क्लिपर' १९३६ साली निघाली. त्याच सुमारास रॉजर बॅबसन ह्या अर्थपंडिताने वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवरच्या घरांत राहू लागेल असे भाकीत केले. भाकीत साफ चुकले. पण ते केले गेले ह्यावरून त्या वेळच्या मनःस्थितीची कल्पना यावी. घरे जप्त होत होती, नोकऱ्या जात होत्या. जप्त न होणारे व नोकरीमागे नेता येणारे घर हे अनेकांस स्वप्नवत वाटत होते.

गावांस मात्र ते स्वप्न वाटत नव्हते. ट्रेलरवाला घरपट्टी देत नाही, पण त्याची मुले गावच्या शाळेत जातात, त्याचा कचरा गावाने उचलावयाचा, ही तक्रार सर्वत्र झाली; आणि ती अगदीच निराधार नव्हती. चाके असलेली वस्तू घर की वाहन, हा प्रश्न न्यायालयांपुढे जाऊ लागला. घर म्हटले तर तिने घरबांधणीचे नियम पाळावेत. वाहन म्हटले तर तिच्यात राहू नये. दोन्हीकडून कोंडी अशी, की तिच्यात राहणाऱ्याने नियमास धरून राहावे तरी कसे, हेच कळेनासे व्हावे.

ह्याच दशकात दुष्काळाने व धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मध्य प्रांतांतून हजारो कुटुंबे मोडक्या मोटारींत संसार घालून कॅलिफोर्नियाकडे निघाली. तीही वाटेत पाल ठोकीत होती, डब्यातलेच खात होती. परंतु त्यांस कोणी 'टूरिस्ट' म्हटले नाही. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजलिसच्या पोलीस प्रमुखाने आपले शंभराहून अधिक शिपाई राज्याच्या सरहद्दीवर नेऊन बसविले, आणि ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांस परतविले. निर्धन मनुष्यास राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गुन्हाच होता. एडवर्ड्स नावाच्या एका गृहस्थाने बायकोच्या बेकार भावास टेक्ससमधून आपल्या मोटारीने आणले, म्हणून त्यास शिक्षा झाली. १९४१ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा व तो कायदा दोन्ही रद्द ठरविले. गरीब असणे म्हणजे एखादा साथीचा रोग असणे नव्हे, आणि गरिबास राज्याची सरहद्द ओलांडण्यास बंदी करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. प्रवासाचा हक्क येथे निर्विवाद झाला. मात्र पोहोचल्यावर रात्री टेकण्याचा हक्क कोणीच दिला नव्हता.

महायुद्धात कारखान्यांभोवती कामगारांस राहावयास सरकारनेच हजारो ट्रेलर विकत घेतले. युद्धानंतर ह्या धंद्याच्या दोन शाखा झाल्या. एकीकडे घरे रुंद होत गेली; १९५४ साली दहा फूट रुंदीचे 'मोबाईल होम' निघाले, जे नाममात्र फिरते व बहुधा एकाच जागी रुतलेले असे. दुसरीकडे सहलीची वाहने सुटसुटीत व स्वस्त झाली. आयोवातील विनेबेगो कंपनीने १९६६ पासून यंत्रशाळेतून ओळीने मोटारघरे काढण्यास आरंभ केला. १९५६ च्या कायद्याने बांधलेल्या महामार्गांनी त्यांस वाट दिली. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली एका मालमोटारीवर खोली बांधवून, कुत्रा बरोबर घेऊन, देश पाहावयास निघाले. त्या गाडीस त्यांनी डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले होते. त्यांचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले व त्यामुळे अनेकांच्या मनात ही हौस उत्पन्न झाली. १९७८ साली स्थापन झालेल्या 'एस्केपीज' ह्या संघाने बाराही महिने रस्त्यावर राहणाऱ्यांची टपाल पोहोचविण्यापर्यंतची व्यवस्था केली. ज्यास घर नाही त्यास पत्ता कसा असावा? दक्षिण डाकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहनपरवाना मिळविता येतो, आणि मग वर्षभर भटकणारा कागदोपत्री तेथला रहिवासी ठरतो.

बिनभाड्याचा मुक्काम आज मुख्यतः दोन ठिकाणी उरला आहे. पहिले ठिकाण सरकारी रान. १९४६ साली निर्माण झालेल्या 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' ह्या खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडील राज्यांत. तीवर, जेथे मनाई नाही तेथे, साधारणतः अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येते. मग मुक्काम हलवावा लागतो. पाणी नाही, दिवा नाही, मैल्याची व्यवस्था आपली आपण. अ‍ॅरिझोनातील क्वार्टझसाइट ह्या लहानशा वाळवंटी गावाभोवती हिवाळ्यात अशा गाड्यांचे प्रचंड नगर उभे राहते. गर्दी आवरण्यासाठी खात्याने १९८३ साली शुल्क घेऊन हिवाळाभर राहू देण्याचे तळ आखले. ह्याच गावात हाजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. अमेरिकन लष्कराने वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणण्याचा प्रयोग केला, तेव्हा १८५६ साली तो तेथे आला व १९०२ साली वारला; १९३५ साली राज्याच्या रस्तेखात्याने त्याच्या थडग्यावर दगडी मनोरा बांधून वर धातूचा उंट बसविला. 'कारवान' हा मूळचा फारसी शब्द ज्यांच्या गाड्यांस लागला, त्यांच्या तळाशेजारी हा खरा कारवानवाला निजला आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे दुकानांची आवारे. वॉलमार्ट ह्या दुकानांच्या साखळीने, स्थानिक कायदा व व्यवस्थापक ह्यांची हरकत नसल्यास, गाड्यांस रात्रभर आवारात उभे राहू देण्याची चाल ठेवली आहे. प्रवासी सकाळी काहीतरी विकत घेईल, हाच हिशेब! १९२० साली गावाने जे केले तेच पुढे दुकानाने केले; आणि त्या वेळेप्रमाणेच गर्दी, कचरा व दीर्घ मुक्काम ह्यांच्या तक्रारी होऊन अनेक गावांनी व दुकानांनी पाट्या लावल्या. शंभर वर्षांत चक्र पुन्हा तेथेच येऊन थांबले आहे.

२००८ च्या आर्थिक पडझडीनंतर ह्या तळांवरील वस्तीचा रंग पालटला. घर गमावलेले, निवृत्तिवेतन अपुरे पडणारे साठी उलटलेले स्त्रीपुरुष व्हॅनमध्ये राहू लागले. हंगामात बीट काढावयास, तळांची राखण करावयास, ॲमेझॉनच्या वखारींत माल हलवावयास जाऊ लागले. जेसिका ब्रूडर ह्या पत्रकार बाईंनी त्यांच्यात राहून २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले, व त्यावरील चित्रपटास २०२१ साली ऑस्कर मिळाले. ह्या लोकांपैकी अनेक जण आपणांस 'बेघर' म्हणवून घेत नाहीत. आपले घर आहे, फक्त जमीन नाही, असे ते म्हणतात. ह्यास कोणी मनाची समजूत म्हणेल. आम्हांस त्यात स्वाभिमानाची एक रेघ दिसते, आणि ती पुसण्याची आमची इच्छा नाही.

कायद्याचे पाऊल मात्र डळमळते राहिले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सनव्हिल शहराचा 'भटकेपणाचा' कायदा संदिग्ध म्हणून रद्द केला. २०१४ साली एका वरिष्ठ न्यायालयाने, वाहनात राहण्यास बंदी करणारा लॉस एंजलिसचा नियमही त्याच कारणाने मोडीत काढला. त्याच्या शब्दांप्रमाणे सहलीचे सामान भरलेला गृहस्थही दोषी ठरेल, पण पकडला जाईल तो गरीबच, असे न्यायाधीशांनी दाखवून दिले. परंतु २०२४ च्या जून महिन्यात ग्रँट्स पास ह्या गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असे ठरविले, की सार्वजनिक जागी मुक्काम करण्यास बंदी घालून दंड करणे ही घटनेने निषिद्ध मानलेली क्रूर शिक्षा नव्हे. त्यानंतर अनेक शहरांनी आपले नियम अधिक कडक केले आहेत.

गावकऱ्यांची बाजू आम्ही हलकी लेखीत नाही. मैल्याची टाकी नाल्यात रिकामी करणारा, महिनोन्‌महिने एखाद्याच्या दारासमोर गाडी लावणारा मनुष्य उपद्रवीच होय, आणि त्यास आवरण्याचा गावास अधिकार आहे. आमचे म्हणणे एवढेच, की उपद्रवास शासन करावे, अवस्थेस नव्हे. त्याच रानात, तशाच गाडीत, तशीच रात्र काढणारे दोघे. एकाचे दूर कोठे कुलूपबंद घर आहे म्हणून तो प्रवासी, आणि दुसऱ्याचे नाही म्हणून तो भटका, हा भेद कृतीवरून काढलेला नाही. 'टिन कॅन' मंडळींनी तळावरच्या माणसास विचारले ते तू जागा स्वच्छ ठेवतोस का, एवढेच; पन्नास सेंटांच्या चाळणीने विचारले ते तुझ्या खिशात काय आहे. पहिल्या कसोटीवर चाललेले तळ थोडी वर्षे टिकले, दुसरी कसोटी अद्याप टिकून आहे. चौदा दिवसांचा रानातील नियम हाच काय तो ह्याला अपवाद: तो सर्वांस सारखा लागू आहे, कोणाचा पत्ता विचारीत नाही, आणि पंधराव्या दिवशी कोट्यधीशाच्या गाडीसही हलावयास लावतो. ज्या देशाजवळ एवढी जमीन आहे, त्याने रात्रीच्या मुक्कामाचा न्याय शिकावयाचा तर तो स्वतःच्याच ह्या साध्या नियमापासून शिकता येईल.